‘अभ्यास झालेला नाही’ असं लिहिण्याआधी : सोलापुरातल्या एका सिनॉप्सिसचं प्रकरण

कम्युनिटी मेडिसिनच्या एका निवासी डॉक्टरच्या सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे प्रबंधाआधी सादर करायच्या आराखड्यात, दुसऱ्या पानावर एक वाक्य होतं : सोलापूर शहरातील विडी कामगार महिलांच्या आरोग्यावर आजवर कोणताही अभ्यास झालेला नाही. ती ग्रंथालयात आली होती ती संदर्भ व्हँकूवर पद्धतीत, म्हणजे क्रमांकांनी संदर्भ देण्याच्या रीतीत, बसवून घ्यायला. काम अर्ध्या तासाचं होतं. पण त्या वाक्याखाली एकही संदर्भ नव्हता आणि शोध कसा घेतला याची एक ओळसुद्धा नव्हती. मी इथलं वैद्यकीय ग्रंथालय सांभाळते. सिनॉप्सिसच्या हंगामात या साच्यातली वाक्यं टेबलावर सारखी येत असतात. कधी यंत्रमाग कामगार, कधी ऊसतोड मजूर, कधी आशा सेविका. नुसतं तपासायचं म्हटलं तरी प्रत्येक वाक्य दोन-तीन दिवस खातं. हे प्रकरण मी सविस्तर लिहिते आहे, कारण शोध घेताना ज्या ज्या ठिकाणी पाय घसरतो त्यातली बहुतेक ठिकाणं यात एकत्र आली.

आधी हे वाक्य खरं असणं का महत्त्वाचं, ते सांगते. सोलापूरच्या पूर्व भागात घरोघरी विड्या वळल्या जातात. मांडीवर सूप, त्यात कापलेली तेंदूपानं आणि तंबाखू, मान खाली, पाय दुमडलेले, आणि बोटं सतत चालू. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबानं मिळते. संशोधक प्रश्नावली घेऊन दारात बसतो तेवढा वेळ त्या बाईच्या विड्या वळायच्या राहतात, म्हणजे त्या वेळेची किंमत ती स्वतःच्या मजुरीतून भरते. जे आधीच कुणी मोजून ठेवलंय तेच पुन्हा विचारायला जाणं हा तिच्यावर अन्याय आहे, असं मी स्पष्टच मानते. रक्ताचे नमुने घ्यायचे असतील तर जास्तच. एथिक्स कमिटीच्या फॉर्ममध्ये संमतिपत्राला जागा असते, पण ‘हा अभ्यास आधी झालेला नाही हे तुम्ही कसं पाहिलं?’ हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही.

पहिला शोध कसा झाला होता

मी तिला म्हटलं, ‘डॉक्टर, तुम्ही जसं शोधलंत तसंच माझ्यासमोर पुन्हा करून दाखवा.’ तिने पबमेड (वैद्यकीय लेखांच्या नोंदींचा ऑनलाइन डेटाबेस) उघडलं आणि प्रबंधाचं अख्खं शीर्षक शोधपेटीत टाकलं : प्रिव्हॅलन्स, मस्क्युलोस्केलेटल, रेस्पिरेटरी, मॉर्बिडिटी, बीडी, रोलर्स, वुमेन, सोलापूर, सिटी. उत्तर शून्य.

शून्य येणारच होतं. पबमेडला खुणा न करता शब्दांची रांग दिली, तर ते सगळे शब्द ‘अँड’ने जोडले जातात. म्हणजे एकाच नोंदीत ते सगळे सापडले पाहिजेत. एखाद्या लेखात ‘मॉर्बिडिटी’ऐवजी ‘हेल्थ प्रॉब्लेम्स’ असेल, किंवा सारांशात ‘सिटी’ हा शब्द नसेल, तर तो लेख बाहेर. जितके शब्द जास्त, तितकं जाळं लहान. शोधपेटीखालच्या ॲडव्हान्स्ड दुव्यावर गेलं की प्रत्येक शोधाचा इतिहास आणि ‘डिटेल्स’ दिसतात. तुमच्या शब्दांचं यंत्रणेनं काय केलं ते तिथे उघड लिहिलेलं असतं. तिने ते पान तोवर पाहिलेलं नव्हतं. चांगले सिनियर डॉक्टरही ते क्वचितच उघडतात.

मग तिने शब्द कमी केले आणि डावीकडचे दोन फिल्टर लावले : गेली दहा वर्षं आणि फुकट पूर्ण मजकूर. नोंदी आल्या, पण बऱ्याचशा विडी ओढण्यावरच्या : फुप्फुसाचे विकार, तोंडाचा कॅन्सर, धूम्रपान सोडवण्याचे प्रयोग. त्या काढून टाकायला तिने शेवटी ‘नॉट स्मोकिंग’ जोडलं. हाताला जवळपास काहीच उरलं नाही. गूगल स्कॉलरवर उलट हजारोंनी निकाल आले. तिने पहिली दोन पानं पाहून सोडून दिलं. त्यानंतर एका चॅटबॉटला विचारलं. त्याने सुबक यादी दिली, लेखक, नियतकालिक, वर्ष, पानं, सगळं जागच्या जागी. आम्ही एकेक तपासत गेलो. एक डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) कुठेच उघडेना. एक पबमेड क्रमांक टाकला तर तिसऱ्याच विषयाचा लेख समोर आला. यादीतले काही संदर्भ खरे होते, पण खरे कोणते आणि बनावट कोणते हे यादीकडे बघून कळायला मार्ग नव्हता. त्यामुळे ती यादी आम्ही बाजूला ठेवली. चॅटबॉटला पर्यायी शब्द विचारायला माझी हरकत नाही. पण संदर्भ मात्र प्रत्यक्ष नोंद उघडून, निदान सारांश वाचूनच घ्यायचा.

‘पण मॅडम, गाईड सरांनीही हेच सांगितलंय, इथे काम झालेलं नाही,’ ती म्हणाली. गाईड सरांचं म्हणणं अनुभवातून आलेलं होतं, आणि विषय सुचायला असा अनुभव लागतोच. छापील वाक्याला मात्र दाखवता येईल असा शोध लागतो.

प्रश्न मोकळा करून घेणं

औषधोपचारांच्या प्रश्नांसाठी पिको ही चौकट सगळ्यांना पाठ असते : रुग्ण, उपचार, तुलना, परिणाम. इथे उपचारच नाही. म्हणून आम्ही लोक, संपर्क आणि परिणाम एवढेच तीन कप्पे केले. लोक म्हणजे विडी कामगार, संपर्क म्हणजे तंबाखूची धूळ आणि बसून करायचं काम, परिणाम म्हणजे सांधे-स्नायूंची दुखणी आणि श्वसनाच्या तक्रारी.

मग मी परिणामाचा कप्पा शोधातून काढायला सांगितला. तिला ते पटेना, कारण प्रबंध तर परिणामांवरच होता. पण विषय जेव्हा इतका अरुंद असतो तेव्हा सगळं साहित्य एकाच जाळ्यात घ्यावं आणि परिणाम वाचताना वेगळे करावेत. सारांशात पाठदुखीचा उल्लेख नसतो, पण आतल्या तक्त्यात ती असते, असे लेख थोडेथोडके नाहीत. मधुमेहावर शोध घेताना असं केलं तर बुडून जाल. विडी कामगारांच्या बाबतीत ते परवडतं. कोणता कप्पा ठेवायचा हे विषयाचं साहित्य किती आहे त्यावर ठरतं, आणि तो अंदाज थोडं चाचपून पाहिल्याशिवाय येत नाही.

शब्दांची जुळणी

सगळ्यात जास्त वेळ इथे गेला, आणि तो जायलाच हवा होता.

विडी हा शब्द इंग्रजी लेखांत एकाच स्पेलिंगने येत नाही. आरोग्याच्या नियतकालिकांत बी-आय-डी-आय पुष्कळ दिसतं. सरकारी कागदांत बी-डबल ई-डी-आय असतं, कारण 1966 चा विडी व सिगार कामगारांचा कायदा आणि 1976 चा कल्याण निधीचा कायदा याच स्पेलिंगने आहेत, आणि कामगार खात्याचे अहवाल तेच उचलतात. बंगालकडच्या लेखांत बी-आय-आर-आय येतं. तिने फक्त कायद्यातलं स्पेलिंग वापरलं होतं. तेवढ्याने साहित्याचा मोठा हिस्सा गळून गेला होता.

अनेकवचनं पकडायला शब्दापुढे तारांकन लावायचं असतं, हे तिला कुठल्याशा कार्यशाळेतून माहीत होतं. तिने बी-आय-डी-आय पुढे तारा टाकला आणि निकालांचा पूर आला. मेंदूचे संदेश, हृदयाची झडप, जनुकांचं वाचन, काहीच्या काही. कारण ‘बायडिरेक्शनल’ हा शब्दही त्याच चार अक्षरांनी सुरू होतो आणि वैद्यकीय लेखनात तो पदोपदी येतो. पबमेडमध्ये तारांकनाआधी निदान चार अक्षरं लागतात. इथे चार होती, म्हणून यंत्रणेनं निमूटपणे काम केलं. तेव्हा हे स्पेलिंग एकवचन आणि अनेकवचन असं दोनदा पूर्ण लिहिलं, आणि तारा फक्त डबल ईच्या स्पेलिंगला ठेवला. तारा लावला की पबमेड त्या शब्दाला मेश या वैद्यकीय विषयांच्या ठरीव शब्दसूचीतल्या संज्ञांशी आपोआप जोडणं थांबवतं. अवतरण चिन्हांनीही तेच होतं. म्हणून मेशच्या संज्ञा आम्ही हाताने घातल्या : टोबॅको इंडस्ट्री, ऑक्युपेशनल एक्स्पोजर, ऑक्युपेशनल डिसीजेस.

नुसत्या मेशवर मात्र थांबता येत नाही. पबमेडमध्ये साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत, आणि त्या सगळ्या मेडलाइनच्या, म्हणजे मेशच्या संज्ञा लावल्या जाणाऱ्या निवडक नियतकालिकांच्या सूचीतल्या, नाहीत. पीएमसी या पूर्ण मजकुराच्या मुक्त संग्रहातून आलेल्या कितीतरी लेखांना मेशच्या संज्ञा लागलेल्याच नसतात, आणि अगदी ताज्या लेखांनाही सुरुवातीला नसतात. त्यामुळे शीर्षक व सारांशातले साधे शब्द आणि मेश, दोन्ही ‘ऑर’ने (म्हणजे यांतलं कुठलंही एक असलं तरी चालेल असं) जोडून एकाच कंसात घ्यावे लागतात.

विडीच्या स्पेलिंगांनंतर शब्दांचा दुसरा कप्पा कामाचा. वर्कर, रोलर, रोलिंग, मेकर, मेकिंग हे सुचलेच. ‘प्रोसेसर’ नंतर आला. मुंबईच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी 1990 च्या दशकात विडीच्या तंबाखूत काम करणाऱ्यांच्या गुणसूत्रांमधल्या बिघाडांवर काम केलं. त्यातल्या 1995 च्या एका लेखाच्या शीर्षकात ना वर्कर आहे, ना रोलर, तिथे ‘टोबॅको प्रोसेसर्स’ आहे. सुदैवाने त्याच शीर्षकात ‘ऑक्युपेशनल’ही आहे, आणि आम्ही तो शब्द घेतलेला होता. असे दोन-चार लेख हाती लागले की त्यांतले शब्द उचलून शोधात परत घालायचे आणि पुन्हा चालवायचं. एका बैठकीत बांधलेला शोध मला कधीच पुरेसा वाटत नाही.

आता ‘नॉट स्मोकिंग’कडे येते, कारण या प्रकरणातलं सगळ्यात जास्त नुकसान त्याने केलं. विडी वळणाऱ्या बायकांवरचा अभ्यास नीट केलेला असेल तर त्यात लिहिलेलं असणार की या महिला धूम्रपान करणाऱ्या नव्हत्या, किंवा धूम्रपानाचा प्रभाव हिशेबात धरला. म्हणजे सारांशात ‘स्मोकिंग’ हा शब्द येणारच. यंत्रणा शब्द पाहते, वाक्याचा अर्थ पाहत नाही. ‘नॉट’ लावल्यावर जे लेख बाहेर फेकले गेले त्यांत सगळ्यात काळजीपूर्वक केलेले लेखच जास्त असण्याचा संभव. धूम्रपानाचे लेख दूर ठेवायचे असतील तर कामाचा कप्पा ‘अँड’ने जोडणं हाच बरा मार्ग. त्यातून काही नको ते आलं तर शीर्षक वाचून बाजूला करता येतं.

तरीही ‘वर्कर’ शब्दामुळे ‘हेल्थ वर्कर’ने विडी ओढणाऱ्यांचं सर्वेक्षण केलं, असे लेख येत राहिले. त्यासाठी पबमेडने 2022 च्या अखेरीला आणलेली जवळिकीची सोय वापरून पाहिली. दोन शब्द शीर्षकात किंवा सारांशात एकमेकांपासून अमुक शब्दांच्या आतच असले पाहिजेत, असं त्यात सांगता येतं. निकाल स्वच्छ आले. पण त्या सोयीत तारांकन चालत नाही, आणि काही कामाचे लेख निसटले. मुख्य शोधात ती ठेवली नाही. पटकन चाचपून पाहायला मात्र उत्तम.

कंसांबद्दल एकच सांगते. पबमेड ‘अँड’ आणि ‘ऑर’ डावीकडून उजवीकडे सोडवत जातं. आधी वर्कर, मग अँड, मग एक स्पेलिंग, मग ऑर आणि दुसरं स्पेलिंग असं कंसाशिवाय लिहिलं, तर दुसऱ्या स्पेलिंगच्या सगळ्या नोंदी येतात, त्यात कामगार असोत वा नसोत.

सोलापूर हा शब्द आम्ही शोधातून काढला. जुन्या लेखांत शहराचं नाव ‘शोलापूर’ असं, एस-एचने लिहिलेलं असतं, ही एक अडचण. दुसरी मोठी अडचण अशी की शीर्षक-सारांशात गावाचं नाव असेलच असं नाही. लेखकांच्या पत्त्यात शोधता येतं, पण 2014 पूर्वीच्या पबमेड नोंदींत साधारणपणे पहिल्या लेखकाचाच पत्ता असतो. आणि प्रबंधाच्या दृष्टीने निपाणी, सिन्नर, निझामाबाद, तिरुनेलवेली, मुर्शिदाबाद इथलं काम सोलापूरइतकंच मोलाचं आहे. पान तेच, तंबाखू तोच, बसण्याची ढब तीच.

काय सापडलं

नवा शोध फिल्टर काढून चालवला. फिल्टर काढणं हे वेगळं करावं लागतं. पबमेडमध्ये लावलेले फिल्टर पुढच्या शोधालाही चिकटून राहतात, आणि तिच्या पडद्यावर ते अजून तसेच होते. पहिल्याच चाळणीत 2006 चा, इंडियन जर्नल ऑफ पब्लिक हेल्थमधला एक लेख समोर आला : विडी कामगारांच्या शरीरात निकोटीन शोषलं गेल्यामुळे होणाऱ्या ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसवरचा, म्हणजे पेशींना होणाऱ्या रासायनिक इजेवरचा. लेखक सोलापूरचेच. शीर्षकात सोलापूर नाही, ‘रोलर्स’ नाही, आणि स्पेलिंग बी-आय-डी-आय. तिच्या पहिल्या शोधात तो तीन कारणांनी अडला होता, आणि चौथं कारण दहा वर्षांचा फिल्टर. तो वाचताना ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, ‘मॅडम, हे तर आपल्याच गावातलं.’

तिथून पुढे काम सोपं झालं. त्या लेखाच्या संदर्भसूचीतून मागे गेलो. गूगल स्कॉलरच्या ‘साइटेड बाय’मधून (तो लेख नंतर कुणी कुणी उद्धृत केला त्या यादीतून) पुढे आलो. या एका कामासाठी गूगल स्कॉलरला तोड नाही. मुख्य शोधासाठी मात्र मी त्यावर विसंबत नाही : कितीही हजार निकाल सांगितले तरी ते पहिले एक हजारच दाखवतं, आणि आज आलेला क्रम उद्या तसाच येईल याची खात्री नाही.

पबमेडमध्ये नसलेल्या भारतीय नियतकालिकांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचा ग्लोबल इंडेक्स मेडिकस पाहिला. त्यात आग्नेय आशिया विभागाची इमसीअर ही सूची आहे, आणि ती कुणालाही फुकट पाहता येते. आपल्याकडचे विद्यार्थी ती जवळजवळ वापरतच नाहीत, याची मला खंत आहे. शोधगंगा या भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात समाजशास्त्र आणि अर्थशास्त्राचे पीएचडी प्रबंध चाळले, कारण विडी कामगारांवरचं खूप काम त्या विभागांत होतं आणि त्यात आरोग्याचं एखादं प्रकरण असतं. सीटीआरआय या भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीत चालू अभ्यासांच्या नोंदी पाहिल्या. शेवटी आमच्याच ग्रंथालयातलं जुन्या प्रबंधांचं कपाट उघडलं. ते कुठल्याही डेटाबेसमध्ये नाहीत; कापडी बांधणीच्या कण्यावरची सोनेरी अक्षरं वाचत एकेक काढावे लागतात.

पूर्ण मजकूर मिळवण्यात फारसं अडलं नाही. जुने भारतीय लेख बरेचसे मुक्त आहेत. 1 जानेवारी 2025 पासून सुरू झालेल्या वन नेशन वन सबस्क्रिप्शन या केंद्र सरकारच्या योजनेत 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 नियतकालिकं सरकारी संस्थांना खुली झाली आहेत. उरलेल्यांसाठी लेखकांना ईमेल केले. उत्तरं येतात, जुन्या कामाबद्दल कुणी विचारलं की लोकांना आनंद होतो. सगळ्या नोंदी झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घेऊन दुबार आलेल्या काढल्या. एखादा लेख मागे घेतला गेलाय का, हेही तिथेच कळतं, कारण झोटेरो रिट्रॅक्शन वॉचची, म्हणजे मागे घेतलेल्या लेखांची, यादी पडताळून पाहतं.

सिनॉप्सिसचं काय झालं

ते वाक्य गेलं. त्याच्या जागी आता चार वाक्यं आहेत : कोणत्या दिवशी, कोणत्या डेटाबेसमध्ये, कोणत्या शब्दांनी शोधलं, विडी कामगारांमध्ये निकोटीनचं शोषण आणि जनुकीय परिणाम यांवर काम झालेलं आहे, त्यात सोलापूरचंही आहे, सोलापुरातल्या विडी वळणाऱ्या महिलांची सांधे-स्नायूंची दुखणी तुलना-गट ठेवून मोजलेला अभ्यास या शोधात आढळला नाही. ‘आढळला नाही’ आणि ‘झालेला नाही’ यांत फरक आहे, आणि पहिल्या दाव्यामागे आता संपूर्ण शोधवाक्य परिशिष्टात जोडलेलं आहे. कुणालाही ते उचलून पबमेडमध्ये टाकता येईल.

प्रबंधाचा आराखडाही बदलला. रक्ततपासणीचा भाग वगळला, कारण ती दिशा आधीच्या लोकांनी पाहिलेली होती आणि तिच्या हाताशी त्यापलीकडे जाण्याची साधनं नव्हती. त्याऐवजी त्याच वस्तीतल्या, विड्या न वळणाऱ्या, साधारण त्याच वयाच्या महिलांचा तुलना-गट घेतला. दुखण्यांसाठी घरी बनवलेली प्रश्नावली होती. शोधात वारंवार भेटलेली 1987 ची नॉर्डिक प्रश्नावली आता तिच्या जागी आली. ती मराठीत आणि तेलुगूतही लागणार आहे, कारण पूर्व भागातल्या कित्येक घरांची बोली तेलुगू आहे, आणि ‘कमरेतून कळ जाते’ हे बाई आपल्या भाषेतच नेमकं सांगते. भाषांतर, उलट भाषांतर आणि थोड्या महिलांवर चाचणी, एवढं काम त्यामुळे वाढलं. गाईड सरांनी वेळापत्रक पाहून कपाळाला आठ्या घातल्या, पण सही केली.

शोध पबमेडच्या खात्यात जतन करून ईमेलची सूचना लावली आहे. प्रबंध सादर करण्याआधी तो सगळा पुन्हा चालवायचा आहे, कारण मधल्या काळात कुणी ना कुणी काहीतरी छापणारच. एम्बेस हा सशुल्क वैद्यकीय डेटाबेस आम्हाला उपलब्ध नाही, त्यामुळे ते पाहिलेलं नाही, आणि श्रम खात्याच्या जुन्या छापील अहवालांपैकी जे इथे मिळाले तेवढेच वाचले आहेत. या दोन्ही गोष्टी तिने रिव्ह्यूच्या पहिल्याच परिच्छेदात लिहून टाकल्या आहेत.